गव्हातील मंडूसी गवत : त्याचा जीवनक्रम व बंदोबस्त

शेतातील तण हे पिकाच्या अन्नपाण्यात व सूर्यप्रकाशात वाटेकरी होते, ही गोष्ट प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु एखादे तण इतके माजावे की उभे पीक सोडून देण्याची पाळी यावी, असा प्रसंग क्वचितच येतो. १९९२-९३ च्या रब्बी हंगामाच्या सुमारास हरियाणातील काही शेतकऱ्यांवर तो आला. गहू ओंबीवर येण्यापूर्वीच तो गवतासह हिरवा कापून त्यांना जनावरांपुढे टाकावा लागला. बियाणे उत्तम होते, खत भरपूर होते, कालव्याचे व विहिरीचे पाणी वेळेवर मिळाले होते, आणि तणनाशक औषधही फवारले होते. तरीदेखील शेतात गव्हापेक्षा गवतच अधिक दिसत होते.

हे गवत म्हणजे मंडूसी होय. ते कोठून आले, कसे वाढले, औषधाला दाद का देईनासे झाले आणि अखेर कोणत्या उपायांनी आटोक्यात येऊ लागले, याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत केला, तसाच शेतकऱ्यांच्या शेतांवरही केला. तो अभ्यास हरियाणा व पंजाबातील असला तरी त्यातून निघालेला धडा गहू पिकविणाऱ्या प्रत्येक प्रांताला उपयोगी पडणारा आहे.

गवताची ओळख

या गवताचे शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर असे आहे. हरियाणात त्याला मंडूसी किंवा कनकी म्हणतात. हिंदी भागात गुल्ली-डंडा हे नावही रूढ आहे. गुल्ली-डंडा म्हणजे आपला विटी-दांडू. या गवताची ओंबी लहान, भरगच्च व दोन्ही टोकांना थोडी निमुळती, म्हणजे विटीसारखीच दिसते. भूमध्य समुद्राच्या भोवतालचा प्रदेश हे त्याचे मूळ स्थान. तेथून ते धान्याच्या बियाण्याबरोबर जगातील अनेक गहू पिकविणाऱ्या देशांत पसरले.

लहानपणी मंडूसी व गहू यांतील फरक सहजासहजी कळत नाही. दोन्हींची पाने अरुंद व लांब, दोन्हींची उगवण एकाच सुमारास, आणि दोन्हींना फुटवे येण्याची रीतही सारखीच. त्यामुळे खुरपणी करणाऱ्या मजुरांच्या हातून गवत राहून जाते आणि क्वचित गव्हाचेच रोप उपटले जाते. तथापि बारकाईने पाहिल्यास पुढील तीन खुणांवरून मंडूसी ओळखता येते.

पहिली खूण बुडाशी असते. मंडूसीच्या कोवळ्या रोपाचा जमिनीलगतचा भाग तांबूस-गुलाबी असतो. गव्हाचा तो भाग सामान्यतः हिरवट-पांढरा असतो.

दुसरी खूण पानाच्या सांध्यापाशी पाहावी. पान जेथे खोडाला बिलगते तेथे गव्हाला दोन्ही बाजूंनी खोडाला वेढणारे कानासारखे लहान भाग असतात. मंडूसीला असे कान नसतात. त्याऐवजी तेथे पातळ पांढरा पापुद्रा ठळक दिसतो.

तिसरी खूण म्हणजे ओंबी. ती दिसू लागल्यावर कोणाचीही चूक होत नाही. मात्र तोपर्यंत गवताने पिकाचे नुकसान करून ठेवलेले असते.

मंडूसीचे बी फार बारीक, गुळगुळीत व चकचकीत असते. गव्हाच्या एक हजार दाण्यांचे वजन सुमारे चाळीस ग्रॅम भरते. मंडूसीच्या तितक्याच बियांचे वजन दोन ग्रॅमच्या आसपास भरते. एवढ्या लहान बियामुळे एका झाडाला शेकडो बिया पोसता येतात, आणि त्या चिखलातून, पाण्याच्या पाटातून, यंत्राच्या फटीतून व धान्याच्या पोत्यातून कोठेही जाऊ शकतात.

ते माजले कसे

हे गवत मेक्सिकोहून आलेल्या गव्हाच्या बियाण्याबरोबर भारतात आले, असा पुष्कळांचा समज आहे. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून सुमारे अठरा हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले, हे खरे आहे. परंतु मंडूसीची नोंद उत्तर भारतात त्यापूर्वीच झालेली होती. ते गवत तेथे होते, पण त्याचा उपद्रव फारसा नव्हता. बुटक्या गव्हाबरोबर शेतीची जी नवी पद्धत आली तिने त्याला वाव दिला.

जुन्या देशी गव्हाचे ताट उंच वाढत असे व खालच्या गवतावर त्याची सावली पडे. बुटक्या गव्हामुळे ही सावली कमी झाली, आणि उंचीने बुटक्या गव्हाच्या बरोबरीला किंवा त्याहून वर जाणाऱ्या मंडूसीला प्रकाश मोकळा झाला. भरघोस उत्पन्नासाठी दिलेले नत्रखत व पाण्याच्या वेळच्या पाळ्या यांचा लाभ गव्हाइतकाच तिनेही घेतला. पाठोपाठ हरियाणा व पंजाबात खरिपात भात व रब्बीत गहू हीच पिकांची फेरपालट सर्वत्र रूढ झाली. दर वर्षी त्याच जमिनीत, त्याच महिन्यात, त्याच प्रकारे गहू येऊ लागला. गव्हाबरोबर वाढण्याची सवय असलेल्या गवताला याहून अधिक काय हवे? शेतकऱ्याने पिकासाठी घातलेल्या पंक्तीत हा न बोलाविलेला पाहुणा रोज जेवू लागला.

औषध लागू पडेनासे झाले

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक उपलब्ध झाले. ते गव्हाला अपाय न करता मंडूसी मारीत असे. खुरपणीची मजुरी वाचली, उत्पन्न वाढले, आणि शेतकऱ्यांनी ते आनंदाने स्वीकारले. पुढील दहा-पंधरा वर्षे असंख्य शेतांवर दर रब्बीत हेच एक औषध फवारले गेले.

नव्वदीच्या दशकाच्या आरंभी मात्र औषध मारूनही मंडूसी जिवंत राहते, अशा तक्रारी येऊ लागल्या. प्रथम संशय इतर कारणांवर गेला. औषध भेसळीचे असेल, मात्रा कमी पडली असेल, पंपाऐवजी वाळूत किंवा युरियात मिसळून हाताने फेकल्यामुळे ते सारखे पसरले नसेल, असे म्हटले गेले. यांपैकी काही दोष काही ठिकाणी होतेही. परंतु योग्य औषध, योग्य मात्रा व योग्य फवारणी असूनही जेथे गवत मेले नाही तेथे निराळे कारण शोधणे भाग होते.

हिसार येथील हरियाणा कृषी विद्यापीठाचे आर. के. मलिक व समुंदर सिंग यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. ज्या शेतांतून तक्रारी आल्या होत्या तेथील मंडूसीचे बी गोळा करून ते कुंड्यांत पेरण्यात आले, आणि त्या रोपांवर औषधाच्या वाढत्या मात्रा फवारण्यात आल्या. जेथे हे औषध वर्षानुवर्षे वापरले गेले होते तेथील गवत मारण्यास साध्या गवतापेक्षा कित्येक पट मात्रा लागते, असे आढळून आले. एवढी मात्रा शेतात देणे म्हणजे गव्हालाही इजा करणे होय. मंडूसीमध्ये या औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली आहे, हे या प्रयोगांनी सिद्ध झाले. त्यांचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. तोपर्यंत वायव्य भारतातील सुमारे आठ ते दहा लाख हेक्टर गव्हाच्या क्षेत्राला या संकटाची झळ लागलेली होती. ज्या शेतांत वर्षानुवर्षे केवळ भात व गहू हीच पिके घेतली जात होती, तेथे हा उपद्रव विशेष आढळला. जेथे ऊस, चारा किंवा अन्य पिकांची फेरपालट होती तेथे तो पुष्कळ कमी होता.

औषधानेच केलेली निवड

प्रतिकारशक्ती म्हणजे काय, हे शेतकऱ्यांना समजावून सांगणे अवघड नाही. ज्वारीचा शेतकरी पीक काढण्यापूर्वी शेतात फिरून टपोरी, भरदार कणसे निवडतो व त्यांचे बी पुढील वर्षासाठी राखून ठेवतो. असे काही वर्षे केले म्हणजे सर्व शेत चांगल्या कणसांचे होते. या कृतीने कणसांना कोणी मोठे व्हावयास शिकविलेले नसते. जी मुळात मोठी होती त्यांचेच बी पुढे चालविलेले असते.

मंडूसीच्या बाबतीत हीच निवड औषधाने केली. कोट्यवधी रोपांत एखादे रोप असे असते की ज्याच्या अंगी औषध पचवून टाकण्याची शक्ती उपजतच असते. गहू या औषधाने मरत नाही, कारण गव्हाचे रोप आपल्या शरीरात त्याचे विघटन करून त्याला निरुपद्रवी करते. प्रतिकारक मंडूसीत हीच शक्ती असल्याचे दिसून आले आहे. दिसण्यात गव्हासारखे असणारे गवत औषध पचविण्यातही गव्हासारखे झाले.

एका उदाहरणावरून याचा वेग ध्यानात येईल. समजा, फवारणीनंतर एका हेक्टरात असे एकच झाड वाचले आणि त्याच्या शेकडो बियांपैकी केवळ दहा बियांची झाडे पुढील वर्षी वाचून पक्व झाली. दर वर्षी हेच प्रमाण राहिले तर एका झाडाची पहिल्या वर्षी दहा, दुसऱ्या वर्षी शंभर, याप्रमाणे सहाव्या वर्षी दहा लाख झाडे होतील. एका हेक्टरात दहा हजार चौरस मीटर असतात. म्हणजे दर चौरस मीटरास शंभर झाडे. पहिली चार-पाच वर्षे शेतकऱ्याच्या नजरेस काहीच येत नाही, आणि मग एका हंगामात सारे शेत गवताने भरल्यासारखे वाटते. हरियाणातील ज्या शेतांत गव्हाची आशा सोडावी लागली तेथे दर चौरस मीटरास दोन हजारांहून अधिक मंडूसीची रोपे मोजली गेली होती.

बियाचा वर्षभराचा प्रवास

औषध निकामी झाल्यावर गवताच्या जीवनक्रमाकडे पाहण्याची गरज अधिकच भासू लागली. तण मारावयाचे तर ते केव्हा उगवते, किती खोलवरून वर येते, बी केव्हा गळते व किती काळ टिकते, हे कळले पाहिजे. या प्रश्नांची जी उत्तरे मिळाली त्यांतूनच पुढील उपाय निघाले.

मंडूसीचे बी गव्हाच्या कापणीच्या आधी पक्व होऊन बहुतांशी शेतातच गळते. त्यामुळे कापणीच्या वेळी शेतकऱ्याला धान्यात बी थोडेसेच दिसते व गवत फारसे नव्हते असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पुढील वर्षाची पेरणी गवताने आधीच उरकलेली असते.

गळालेले ताजे बी लगेच उगवत नाही. ते सुप्तावस्थेत राहते. उन्हाळ्याचे ऊन ते सोसते, आणि त्यानंतर भाताच्या चिखलात व साचलेल्या पाण्याखाली राहूनही त्यातील पुष्कळसे बी कुजत नाही. भाताच्या हंगामातील उष्णतेत ते उगवतही नाही. भात निघून थंडी पडू लागली म्हणजे त्याची वेळ येते. सुमारे दहा ते वीस अंश सेल्सियस तापमानात त्याची उगवण उत्तम होते. तापमान यापेक्षा बरेच अधिक असेल तर उगवण घटते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात उत्तर भारतात नेमके असेच हवामान असते. पेरणीपूर्वी रान ओलविल्यावर एक लाट उगवते आणि पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी पहिले पाणी दिल्यावर दुसरी लाट येते.

बी लहान असल्यामुळे त्यात साठविलेले अन्न थोडे असते. म्हणून जमिनीच्या वरच्या चार-पाच सेंटीमीटर थरातील बीच प्रामुख्याने वर येऊ शकते. खोल गाडले गेलेले बी तेथेच पडून राहते आणि पुढे कधी नांगराने किंवा कुळवाने ते वर आणले तर उगवते. दर वर्षीची उलथापालथ म्हणजे एका अर्थी जमिनीत साठलेल्या बियांची नवी ठेव बाहेर काढणेच होय.

मशागतीतील बदल

या माहितीचा पहिला उपयोग पेरणीच्या पद्धतीत झाला. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात हरियाणातील शेतकऱ्यांच्या शेतांवर विना-नांगरणी पेरणीच्या चाचण्या घेण्यात आल्या. भाताची कापणी झाल्यावर जमीन न नांगरता विशेष पाभर यंत्राने अरुंद चर पाडून गहू व खत एकाच वेळी पेरावयाचे, अशी ही रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या पाच-सहा पाळ्या मशागत करून रान लोण्यासारखे मऊ करणाऱ्या शेतकऱ्यांना ही कल्पना प्रथम पटली नाही. परंतु शेजारच्या शेतात जमीन न उलथल्यामुळे मंडूसी कमी उगवल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मशागतीचा वेळ वाचल्याने पेरणी एक-दोन आठवडे आधी झाली, डिझेलचा खर्च वाचला आणि उत्पन्न घटले नाही. त्यानंतर ही पद्धत झपाट्याने पसरली.

लवकर पेरणीचा लाभ निराळाच होता. ऑक्टोबरच्या अखेरीस जमीन अजून उबदार असते. गहू तीत चांगला उगवतो, पण मंडूसीला ती ऊब मानवत नाही. थंडी पडून गवत उगवू लागेपर्यंत गव्हाने जमीन झाकलेली असते. भाताचा पेंढा न जाळता जमिनीवर पसरून ठेवल्यास त्याच्या आच्छादनाखालीही गवताची उगवण कमी होते, असे आढळले आहे.

तथापि कोणताही एक उपाय सर्व रोगांवर चालत नाही. विना-नांगरणीच्या शेतांत मंडूसी कमी झाली, पण काही ठिकाणी रुंद पानांची अन्य तणे वाढली. शेतात एकाची जागा मोकळी झाली की दुसरे तिचा ताबा घेण्यास टपलेलेच असते. म्हणून मशागतीत बदल केल्यावरही शेताची नित्य पाहणी सोडून चालत नाही.

नवी औषधे व जुनी चूक

१९९७-९८ च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनोक्झाप्रॉप व सल्फोसल्फ्युरॉन ही नवी तणनाशके शिफारशीत आली. त्यांनी मंडूसी पुन्हा मरू लागली, गव्हाचे उत्पन्न सावरले आणि शेतकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु संकट टळताच पूर्वीचीच सवय परत आली. अनेक शेतांवर दर वर्षी एकच नवे औषध वापरले जाऊ लागले. फेरपालट मागे पडली. परिणामी २००८ पर्यंत एकाहून अधिक औषधांना दाद न देणारी मंडूसी हरियाणा व पंजाबात आढळल्याचे प्रसिद्ध झाले. पहिले औषध निकामी होण्यास दहा-पंधरा वर्षे लागली होती. पुढच्या औषधांना तेवढाही अवधी मिळाला नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. औषध हे शेतकऱ्याच्या हातातील धारदार विळ्यासारखे आहे. रोज एकाच दगडावर घासला तर तो बोथट होणारच. त्याची धार राखावयाची असेल तर मशागत, फेरपालट, स्वच्छ बियाणे व हातखुरपणी यांनी तणांची संख्या आधी कमी केली पाहिजे, आणि उरलेल्या थोड्या तणांवर औषध वापरले पाहिजे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी यातून काय घ्यावे

महाराष्ट्रातील हिवाळा उत्तरेपेक्षा आखूड व सौम्य असतो आणि येथे गहू बहुतांशी सोयाबीन, मूग, उडीद, मका किंवा भाजीपाला यांच्यानंतर घेतला जातो. त्यामुळे हरियाणातील स्थिती येथे जशीच्या तशी नाही. परंतु दोन मार्ग मोकळे आहेत, त्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पहिला मार्ग बियाण्याचा, व दुसरा यंत्राचा. गव्हाच्या सुगीत पंजाब-हरियाणाकडील कापणी-मळणी यंत्रे महाराष्ट्रात येतात. एका शेतातील तणाचे बी दुसऱ्या शेतात नेण्यास यंत्रात अडकलेला मूठभर भुसा पुरेसा असतो. शिवाय तेच पीक व तेच औषध यांचा नियम मंडूसीपुरता मर्यादित नाही; रानओट असो किंवा दुसरे कोणतेही तण असो, त्याला तो सारखाच लागू आहे. यास्तव पुढील गोष्टी कराव्यात.

१. बियाणे प्रमाणित वापरावे. घरचे बियाणे असल्यास ते बारीक छिद्रांच्या चाळणीने चाळून घ्यावे. चाळणीखालचे बारीक बी उकिरड्यावर न टाकता जाळून टाकावे. उकिरड्यावर टाकलेले बी खताबरोबर पुन्हा शेतात येते. खत पूर्ण कुजलेलेच वापरावे.

२. भाड्याचे कापणी-मळणी यंत्र शेतात शिरण्यापूर्वी बांधाबाहेर झाडून, ठोकून स्वच्छ करून घ्यावे. यास अर्धा तास लागतो. न केल्यास पुढे अनेक वर्षे खुरपणी करावी लागते.

३. पेरणीपूर्वी रान ओलवून तणांची पहिली लाट उगवू द्यावी व वाफशावर हलकी कुळवणी करून ती मोडावी. मग पेरणी करावी. मात्र या कामात पेरणीचा योग्य काळ हातचा जाऊ देऊ नये. महाराष्ट्रात बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करतात. उत्तरेकडील ऑक्टोबरातील पेरणीचे अनुकरण येथे करू नये. येथील उष्णता त्या वेळी गव्हालाच सोसत नाही.

४. खत पाभरीने बियाजवळ, ओळीत पेरून द्यावे. फोकून दिलेल्या खतात तणाचा वाटा मोठा असतो. ओळीतील अंतर शिफारशीपेक्षा अधिक ठेवू नये. गव्हाने जमीन जितकी लवकर झाकली जाईल तितका तणाला वाव कमी.

५. फेरपालट रब्बीतच करावी. खरिपातील पीक बदलले, पण रब्बीत दर वर्षी गहूच घेतला, तर हिवाळी तणाचे काहीच बिघडत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा गव्हाऐवजी हरभरा, कांदा किंवा चाऱ्याचे पीक घ्यावे. घासासारख्या वारंवार कापल्या जाणाऱ्या चाऱ्यात तणाला बी धरण्यास सवड मिळत नाही. हरभऱ्यात गवताची रोपे दुरून ओळखू येतात व खुरपणी सोपी जाते.

६. तणनाशक वापरावयाचे असल्यास कृषी विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या शिफारशीप्रमाणे, पूर्ण मात्रेत, स्वच्छ पाण्यात, योग्य तोटीच्या पंपाने फवारावे. दर वर्षी निराळ्या गटाचे औषध घ्यावे. केवळ डब्यावरील नाव निराळे असून भागत नाही. निरनिराळ्या नावांखाली एकच औषध असू शकते. डब्यावर छापलेले मूळ रसायनाचे नाव वाचून घ्यावे व वहीत लिहून ठेवावे.

७. फवारणीनंतर वाचलेली झाडे ओंबी येताच, बी पक्व होण्यापूर्वी, मुळासकट उपटावीत. ही झाडे संख्येने थोडी असतात म्हणून ती सोडून देण्याचा मोह होतो. वस्तुतः तीच सर्वांत घातक असतात, कारण औषधाने न मेलेले बी त्यांच्याच पोटी असते.

गावपातळीवरील पाहणी

अशा तणाचा सुगावा प्रथम गावपातळीवरील कार्यकर्त्यालाच लागू शकतो. त्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. एक मीटर लांब व तितकीच रुंद अशी बांबूची चौकट करावी. पेरणीनंतर सुमारे एक महिन्याने ती शेतात पाच निरनिराळ्या जागी टाकून आतील तणे जातवार मोजावीत व सरासरी काढावी. फवारणीनंतर तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा मोजणी करावी. दोन्ही आकडे, पेरणीची तारीख, औषधाचे नाव व मात्रा हे सर्व एका वहीत लिहावे.

औषध लागू न पडल्याची तक्रार आल्यास प्रथम शेतात जाऊन वाचलेली तणे कोठे आहेत, हे पाहावे. ती पट्ट्या-पट्ट्यांनी किंवा बांधाकडेला असतील आणि अनेक जातींची असतील, तर दोष बहुधा फवारणीचा असतो. पण एकाच जातीची काही झाडे मेलेली व त्यांच्या अगदी शेजारची काही झाडे टवटवीत, असा प्रकार शेतभर विखुरलेला दिसला, तर प्रतिकारशक्तीचा संशय घ्यावा. अशा वेळी शेतकऱ्याला दुप्पट मात्रा मारण्याचा सल्ला देऊ नये. वाचलेल्या काही झाडांचे बी कागदी पाकिटात घ्यावे, त्यावर गाव, गट क्रमांक, तारीख व वापरलेले औषध लिहावे, आणि ते नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे पाठवावे. उरलेली झाडे मात्र उपटून टाकावीत.

हरियाणातील शेतकऱ्यांनी आळस केला म्हणून त्यांच्यावर हा प्रसंग आला असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी देशाला धान्य पुरविले व सांगितलेले औषध विश्वासाने वापरले. सोयीची वाटली ती एकच पद्धत सर्वांनी एकाच वेळी, वर्षानुवर्षे चालविली, आणि गवताला ती पद्धत पाठ झाली. शेतकऱ्याची रीत तणाला ठाऊक झाली की तण जिंकते, आणि तणाची रीत शेतकऱ्याला ठाऊक झाली की शेतकरी जिंकतो. म्हणून येत्या रब्बीत गव्हाच्या शेतात जाताना खुरप्याबरोबर वहीही न्यावी. प्रतिकारक गवताचे पहिले झाड जेव्हा शेतात उभे राहील तेव्हा ते एकटेच असेल. त्याच वेळी ते ओळखले तर एका हाताने उपटता येते.